मस्तिष्कस्तंभाचा नकाशा आणि धानोरा
खास प्रतिनिधी

मानवी मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जू जेथे कवटीत शिरतो त्याच्या लगेच वर, अंगठ्याएवढ्या जाडीचा आणि जेमतेम सात-आठ सेंटीमीटर लांबीचा एक देठ असतो. वैद्यकशास्त्रात त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणजेच ब्रेनस्टेम असे म्हणतात. श्वास घेणे, हृदयाचे ठोके व रक्तदाब सांभाळणे, घास गिळणे, डोळे फिरवणे, झोपणे आणि मुख्य म्हणजे जागे होणे ही सारी कामे या देठातील केंद्रे पाहतात. मोठ्या मेंदूच्या एखाद्या भागाला इजा झाली तर माणसाची वाचा किंवा एक हात जाऊ शकतो. पण मस्तिष्कस्तंभात वाटाण्याएवढी जागा निकामी झाली तर प्राणावर बेतते. एवढ्या मोलाच्या या अवयवाचा जिवंत माणसातील बारीक नकाशा मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांतच हाती येऊ लागला आहे. हे शक्य झाले ते उच्च क्षमतेच्या एमआरआय यंत्रांमुळे.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याशी या विषयाचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या या जंगलव्याप्त तालुक्यात माणसे ज्या तीन कारणांनी अचानक दगावतात, त्या पक्षाघात, मेंदूचा हिवताप आणि मण्यारीचा दंश या तिन्हींची शेवटची लढाई एकतर मस्तिष्कस्तंभात लढली जाते किंवा तेथे लढली जात असल्याचा भास होतो. म्हणून हा नकाशा कसा तयार झाला आणि त्यातले काय धानोऱ्यापर्यंत पोहोचू शकते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

देठाची रचना

मस्तिष्कस्तंभाचे वरून खाली तीन भाग पडतात. सर्वांत वर मध्यमस्तिष्क, त्याखाली पुढे फुगीर दिसणारा सेतू म्हणजे पॉन्स आणि तळाशी लंबमज्जा म्हणजे मेड्युला. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी दहा जोड्यांची केंद्रे या देठात आहेत. शिवाय मेंदूकडून हातापायांकडे जाणारे आदेश आणि शरीराकडून मेंदूकडे येणाऱ्या संवेदना यांचे सर्व राजमार्ग येथूनच जातात. एखाद्या घाटात महामार्ग, रेल्वेमार्ग आणि विजेच्या तारा एकाच खिंडीतून जाव्यात, त्यातला हा प्रकार. दरड लहान असली तरी वाहतूक मोठी अडते.

या खिंडीतील ‘गावे’ म्हणजे मज्जापेशींचे समूह अतिशय लहान आहेत. माणसाला सावध ठेवणारे लोकस सेरुलियस हे केंद्र सुमारे दीड सेंटीमीटर लांब पण अवघे दोन मिलिमीटर रुंद असते. लॅटिनमधील या नावाचा अर्थ ‘निळी जागा’ असा आहे; शवविच्छेदनात ते खरोखरच निळसर दिसते. श्वासाचा ताल धरणाऱ्या लंबमज्जेतील केंद्राला ‘प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स’ असे विचित्र नाव आहे. त्याचा शोध १९९१ साली उंदरांवरील प्रयोगांत लागला. शेजारच्या भागाला एका जर्मन वाइनचे नाव शास्त्रज्ञांनी जेवणाच्या टेबलावर दिले होते, तेच याच्याही वाट्याला आले. प्राणवायूच्या केंद्राला मद्याचे नाव मिळावे हा योगायोग गमतीचाच म्हणावा लागेल.

सूक्ष्मदर्शकापासून चुंबकापर्यंत

या प्रदेशाची पहिली मोठी पाहणी सूक्ष्मदर्शकाखाली झाली. जर्झी ओल्शेव्स्की आणि डोनाल्ड बॅक्स्टर यांनी मानवी मस्तिष्कस्तंभाचे पातळ काप रंगवून, पेशींच्या ठेवणीवरून केंद्रांच्या हद्दी आखल्या आणि १९५४ मध्ये त्याचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये जॉर्ज पॅक्सिनोस आणि शू-फेंग हुआंग यांचा नकाशासंग्रह आला. ही कामे आजही आधारभूत मानली जातात. त्यांची मर्यादा एवढीच की ती मृत मेंदूवरील होती. समोरच्या खाटेवर पडलेल्या रुग्णाच्या देठात नेमके कोठे बिघडले आहे, हे पुस्तकातील चित्रावरून अंदाजानेच ठरवावे लागे.

एमआरआयने हे चित्र पालटले. शरीरातील पाण्यात असलेले हायड्रोजनचे अणुकेंद्र प्रबळ चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने वळतात. त्यांना रेडिओलहरींनी हलवले की ते परत जागेवर येताना क्षीण संकेत देतात आणि त्या संकेतांतून चित्र तयार होते. या तंत्राबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णालयांत सहसा दीड किंवा ३ टेस्ला क्षमतेची यंत्रे असतात. ३ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ६० हजार पट!

असे असूनही मस्तिष्कस्तंभ दीर्घकाळ एमआरआयला दाद देत नव्हता. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर देठ किंचित हलतो. त्याच्याभोवतीचे पाणी लाटेसारखे पुढेमागे होते. जवळच नाकामागील हवेच्या पोकळ्या आणि जाड हाडे आहेत, त्यांच्यामुळे चुंबकीय क्षेत्र विसकटते. केंद्रे लहान, त्यांत करड्या व पांढऱ्या द्रव्याची सरमिसळ, त्यामुळे नेहमीच्या चित्रात सारा देठ जवळजवळ एकाच करड्या छटेचा दिसतो.

यावर उपाय म्हणून चित्रातील ठिपके लहान करावेत, हे कोणालाही सुचेल. पण येथे गणित आडवे येते. चित्रातील घनाकृती ठिपक्याची बाजू १ मिलिमीटरवरून अर्धा मिलिमीटर केली की त्याचे आकारमान आठव्या हिश्श्यावर येते आणि संकेतही आठपट क्षीण होतो. तीच स्पष्टता राखायची तर मोजणी ६४ पट वेळ करावी लागते, कारण वेळ चौपट केला तर संकेत दुप्पटच सुधारतो. म्हणजे पाच मिनिटांच्या तपासणीला पाच तासांहून अधिक वेळ. इतका वेळ कोणताही माणूस न हलता पडून राहू शकत नाही. मग उरतात दोन वाटा. एक, चुंबक अधिक शक्तिशाली करणे. दुसरी, दान मिळालेल्या मृत मेंदूचे चित्र तासन्‌तास घेणे आणि त्याची सांगड जिवंत माणसाच्या चित्राशी घालणे.

संशोधकांनी दोन्ही वाटा धरल्या. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने २०१३ मध्ये ११.७ टेस्लाच्या यंत्रात मृत मस्तिष्कस्तंभ ठेवून त्यातील तंतुमार्गांचा त्रिमितीय नकाशा करता येतो हे दाखवले. यासाठी ‘डिफ्युजन’ पद्धत वापरली जाते. पाण्याचे रेणू तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे सरकताना अडखळतात. त्या सरकण्यावरून तंतूंची दिशा कळते. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये अशाच पद्धतीने मस्तिष्कस्तंभ आणि थॅलॅमस यांचा नकाशा प्रसिद्ध केला. मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवणाऱ्या शल्यचिकित्सकांना नेमकी जागा कळावी, हा त्यामागचा हेतू होता.

जिवंत माणसातील कामाला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये वेग आला. मार्ता बियांचार्दी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १२ निरोगी व्यक्तींची ७ टेस्लाच्या यंत्रात तपासणी करून १.१ मिलिमीटर बारकाईने मस्तिष्कस्तंभातील अनेक केंद्रांच्या हद्दी आखल्या. पुढे त्यात भर पडत जाऊन ‘ब्रेनस्टेम नेव्हिगेटर’ हा नकाशा संशोधकांसाठी खुला झाला. त्याच रुग्णालयातील ब्रायन एडलो यांच्या गटाने २०२४ मध्ये तीन मृत मेंदूंची चित्रे, त्यांचे सूक्ष्मदर्शकाखालील काप आणि जिवंत व्यक्तींच्या ७ टेस्ला तपासण्या यांचा मेळ घालून, माणसाला जागे ठेवणारे तंतुमार्ग मस्तिष्कस्तंभातून वर कसे जातात याचा आराखडा मांडला. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला रुग्ण पुन्हा शुद्धीवर येईल की नाही, हा आप्तांचा प्रश्न या संशोधनाच्या मुळाशी आहे.

फ्रान्समधील साक्ले येथे ११.७ टेस्लाचे १३२ टन वजनाचे चुंबक असलेल्या ‘इसल्ट’ यंत्राने जिवंत माणसांच्या मेंदूची घेतलेली पहिली चित्रे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली. भारतातही मेंदूचे नकाशे करण्याचे काम सुरू आहे. आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये गर्भावस्थेतील मेंदूचा ‘धरणी’ हा नकाशासंग्रह खुला केला. मात्र ते काम एमआरआयपेक्षा प्रामुख्याने पेशींच्या कापांवर उभे आहे.

लकवा

धानोरा तालुक्यातील चातगावजवळ ‘शोधग्राम’ आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे हे ठाणे. नवजात बालकांच्या घरोघरच्या सेवेसाठी ही संस्था जगभर ओळखली जाते. पण तिच्या आणखी एका अभ्यासाने ग्रामीण आरोग्याबद्दलची एक पक्की समजूत मोडीत काढली. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील ८६ गावांत, ९४ हजारांवर लोकसंख्येत, एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे शोधली. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते आणि मृत्यूच्या कारणांत तो पहिल्या क्रमांकावर होता. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लकवा हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार ही समजूत जंगलातल्या गावांनी खोटी ठरवली. त्याहून विदारक आकडा पुढचा आहे. पक्षाघाताने दगावलेल्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक माणसे घरीच गेली.

या अभ्यासात मृत्यूचे कारण घरच्या माणसांकडून लक्षणांची तपशीलवार माहिती घेऊन निश्चित करण्यात आले होते. मेंदूच्या कोणत्या भागात आघात झाला, हे अशा पद्धतीने कळत नाही. तथापि, उच्च रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव होण्याच्या ठरलेल्या चार-पाच जागांपैकी सेतू ही एक आहे, आणि तेथील मोठा रक्तस्राव रुग्णाला काही तासांत बेशुद्धीत नेतो. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघातांपैकी सर्वसाधारणपणे पाचव्या हिश्श्याचे आघात मेंदूच्या मागील रक्तवाहिन्यांत होतात. मस्तिष्कस्तंभाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्याच.

हा आघात ओळखणे कठीण असते. नेहमीच्या लकव्यात तोंड वाकडे होते, एक हात लुळा पडतो, कोणालाही ते दिसते. मस्तिष्कस्तंभाच्या आघातात मात्र रुग्णाला भोवळ येते, उलट्या होतात, दोन-दोन दिसते, घास घशात अडकतो, कधी उचकी थांबत नाही. पित्त झाले, ऊन लागले किंवा बाहेरची बाधा झाली, असा समज होऊन वेळ जातो. सेतूच्या पुढच्या भागात गुठळी अडकल्यास क्वचित याहूनही भीषण अवस्था ओढवते. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, सारे ऐकतो, समजतो. पण पापण्या मिटणे आणि डोळे वर-खाली करणे एवढेच त्याच्या हाती उरते. फ्रेड प्लम आणि जेरोम पोस्नर यांनी १९६६ मध्ये या अवस्थेला ‘लॉक्ड-इन’ असे नाव दिले.

सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या तळाच्या जाड हाडांमुळे हा भाग धूसर दिसतो, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयसुद्धा लहान आघात चुकवू शकतो. येथे नकाशाचे ज्ञान यंत्राविना कामाला येते. जॉर्ज कट्टाह आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, सतत भोवळ येणाऱ्या रुग्णाचे डोके झटकन वळवून नजर टिकते का, डोळ्यांच्या थरथरीची दिशा बदलते का आणि एक डोळा झाकून उघडल्यावर तो वर-खाली सरकतो का, या तीन गोष्टी प्रशिक्षित डॉक्टरने पाहिल्या तर आघात ओळखण्यात ही तपासणी सुरुवातीच्या एमआरआयपेक्षा सरस ठरते. कारण डोळे फिरवणारी केंद्रे मस्तिष्कस्तंभात कोठे आहेत आणि ती कोणत्या तारांनी जोडलेली आहेत, हे ठाऊक आहे. या तपासणीला वीज लागत नाही. तिचे पद्धतशीर प्रशिक्षण ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरांना द्यायला काहीच हरकत नसावी.

उपचारांचे गणित मात्र अंतराशी बांधलेले आहे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सेतूसमोरील मुख्य रक्तवाहिनी तुंबली असल्यास तारेने गुठळी काढण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत उपयोगी पडते, असे चीनमधील दोन चाचण्यांनी २०२२ मध्ये सिद्ध केले. धानोऱ्याहून गडचिरोली ३५-४० किलोमीटर, आणि अशा प्रक्रियांची मोठी केंद्रे असलेले नागपूर तेथून पुढे पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की आतल्या गावांसाठी हे आकडे निरर्थक ठरतात. म्हणूनच सर्चने पुढे गावपातळीवरील आरोग्यसेवकांमार्फत रक्तदाब तपासून नियमित औषधे देण्यावर भर दिला, हे समजण्यासारखे आहे.

हिवतापाची सूज

राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. फाल्सिपेरम जातीच्या परजीवींनी होणारा हिवताप मेंदूपर्यंत गेला की रुग्ण, विशेषतः लहान मूल, झटके येऊन बेशुद्ध होते. ही मुले नेमकी कशाने दगावतात, याबद्दल अनेक दशके वाद होता. आफ्रिकेतील मलावी देशात टेरी टेलर आणि सहकाऱ्यांनी अशा १६८ मुलांची एमआरआय तपासणी केली. निष्कर्ष मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील २५ मुले दगावली आणि त्या २५ पैकी २१ जणांच्या मेंदूला दाखल होतानाच तीव्र सूज होती. बंद कवटीत सुजलेला मेंदू खाली सरकतो, मस्तिष्कस्तंभ दाबला जातो, श्वासाचे केंद्र बंद पडते. हृदय मात्र त्यानंतरही काही काळ धडधडत असते. वाचलेल्या मुलांतील पुनर्तपासणीत ही सूज एक-दोन दिवसांत उतरताना दिसली. याचा अर्थ, तेवढा काळ श्वास कृत्रिमरीत्या चालू ठेवता आला तर काही मुले वाचू शकतील, अशी शक्यता पुढे आली. ओडिशातील राऊरकेला येथील इस्पात जनरल हॉस्पिटलमध्ये झालेल्या एमआरआय अभ्यासांतून प्रौढांच्या मेंदूतील बदल मुलांपेक्षा वेगळे असतात हेही समोर आले.

सात टेस्लाचे यंत्र धानोऱ्यात येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. दुसऱ्या टोकाला ०.०६४ टेस्ला क्षमतेचे, चाकांवर फिरणारे आणि साध्या विजेच्या प्लगवर चालणारे एमआरआय यंत्र २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्यात निळ्या केंद्रासारखे बारकावे दिसणार नाहीत. पण मेंदू सुजला आहे का आणि मोठा रक्तस्राव आहे का, एवढे कळते. जिल्हा रुग्णालयांच्या दृष्टीने विचार करण्याजोगे हे यंत्र आहे.

मण्यार

तिसरे कारण नकाशाची उलटी बाजू दाखवणारे आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश बहुधा दुखत नाही, सूज नसते, कधीकधी दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अस्पष्ट होते आणि मग श्वास थांबतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाराष्ट्रातील मण्यार व नागदंशाच्या रुग्णांवर केलेले लेखन या संदर्भात डॉक्टरांना परिचित आहे.

या विषाचा मारा मस्तिष्कस्तंभावर होत नाही. तो मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर होतो. देठ आदेश देत राहतो, स्नायूंपर्यंत ते पोहोचत नाहीत. परिणामी रुग्णाच्या बाहुल्या विस्फारलेल्या व प्रकाशाला न जुमानणाऱ्या, डोळ्याला कापूस लावला तरी पापणी न हलणारी, श्वास बंद, हातपाय निर्जीव. मस्तिष्कस्तंभ मृत झाल्यावर जी चिन्हे दिसतात, हुबेहूब तीच. आत मात्र मेंदू शाबूत असतो आणि रुग्णाला आजूबाजूचे ऐकूही येत असू शकते. कृत्रिम श्वसनावर ठेवल्यावर असे रुग्ण काही दिवसांत उठून बसल्याच्या नोंदी भारतातील वैद्यकीय नियतकालिकांत एकाहून अधिक वेळा आल्या आहेत.

याला कायद्याचीही बाजू आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने भारतात ‘ब्रेनस्टेम डेथ’ हा मृत्यू मानला. चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा, बाहुल्या, पापणी, कानात थंड पाणी सोडल्यावर डोळ्यांची हालचाल, खोकला आणि शेवटी श्वास या क्रमाने देठातील केंद्रे तपासून तो जाहीर करावयाचा असतो. वरून खाली नकाशा वाचत जावे, तशी ही तपासणी. एमआरआय तिचा अनिवार्य भाग नाही. मात्र तपासणीला हात घालण्यापूर्वी बेशुद्धीचे कारण निश्चित झालेले असले पाहिजे आणि औषधे, विष किंवा स्नायू लुळे पाडणारे कोणतेही द्रव्य त्याला जबाबदार नाही याची खात्री झालेली असली पाहिजे, अशी अट आहे. सर्पदंश याच अटीत मोडतो.

जंगलपट्टीत या अटीचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. पहाटे निपचित आढळलेल्या, पापण्या न उघडणाऱ्या माणसाची नाडी लागत असेल तर दंशाची खूण नसली तरी मण्यारीची शंका घ्यावी; मांत्रिकाकडे वेळ न घालवता त्याला रुग्णालयात न्यावे; वाटेत श्वास मंदावल्यास रुग्णवाहिकेतील हाताने दाबावयाच्या फुग्याने तो चालू ठेवावा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालणारी प्रतिविषाची लस एकच आहे. मण्यारीच्या विषाने बंद पडलेले सांधे लस दिल्यावरही लगेच उघडत नाहीत. ते पुन्हा जुळून येईपर्यंत काही दिवस जाऊ शकतात आणि तोवर श्वासयंत्र काढता येत नाही.